आत्याची गोष्ट आणि माझी

सांगते काय, परवा रात्रभर एकाच काळजीनं माझा डोळा लागला नाही: माझी लेक माझ्याकडं गोष्ट मागतच नाही! मुरुम गावची तिची आत्या फोनवर गोष्ट रेकॉर्ड करून पाठवते, ती ऐकूनच बाईसाहेब झोपतात. माझा नुसता जळफळाट.

मग मीही गोष्ट रेकॉर्ड केली आणि कॉम्प्युटरवर आवाज साफ करायला बसले. त्यात आधी गोंगाटाचा तुकडा निवडायचा, मग तसला आवाज सगळीकडून पुसला जातो. मी निवडला नेमका माझ्या बोलण्याचा तुकडा! उरल्या कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारची शेळी.

नवरा म्हणाला, "मशीनलाबी कळलं बघ, घरात गोंगाट कुणाचा हाय."

लेकीनं मात्र डोळे मिटून सगळं ऐकलं.

"आई, आत्याच्या गोष्टीपेक्षा हीच लई भारी. हिच्यात 'झोप आता' असं कुणीच म्हणत न्हाय."