तिसरं ताट

(नाताळची संध्याकाळ. देवळीच्या घरातून सुरभी व्हिडिओ कॉलवर. पलीकडे तिची मोठी बहीण वर्षाली, चार महिन्यांपूर्वी आयर्लंडला नर्स म्हणून गेलेली.)

सुरभी : ते सोड ना ताई, बर्फ दाखव आधी! अख्ख्या दहावी-ब ले सांगून ठेवलं मी, माझी ताई बर्फात नाताळ करून राह्यली म्हणून!

वर्षाली : बर्फ नाई पडला. धुकं आहे नुसतं.

सुरभी : मंग रस्ता दाखव. लायटिंग, गर्दी...

वर्षाली : कोणीच नाई, सुरभे. बस बंद, दुकानं बंद. सकाळपासून रस्त्यावर माणूस नाई दिसला.

सुरभी : बापा! हा सण आहे का कर्फ्यू? आन् तू अशी जिन्यात काऊन बसली? घरमालकीण आजीनं जेवाले बोलावलं होतं ना?

वर्षाली : हळू बोल. नोराआजी वर आहे. दार लावून घेतलं तिनं. माझ्या हातून काहीतरी झालं.

सुरभी : काय फोडलं?

वर्षाली : फोडलं असतं तर बरं होतं. जेवणार आम्ही दोघी, अन् टेबलावर ताटं तीन. तिसऱ्यात सगळं वाढलेलं. टर्की, बटाटे, केकचा तुकडा. खिडकीत मेणबत्ती. भिंतीवर एका पोराचा फोटो. आजी त्या रिकाम्या खुर्चीकडं पाहून राह्यलती. मले वाटलं, त्याचंच ताट असन.

सुरभी : कोणाचं?

वर्षाली : त्या गेलेल्याचं. पित्तरांत आपण वाढतो तसं. म्हटलं, म्हातारं माणूस थंडीत कुठं बाहेर जाईन. मीच उचललं, मागच्या भिंतीवर ठेवलं, हात जोडले. काव काव केलं.

सुरभी : ताई! तू आयर्लंडात काव काव केलं? मले व्हिडिओ पाह्यजे होता याचा!

वर्षाली : लगेच आला गं. आपल्याकडं किती वेळ रुसून बसतात. हा एकटाच होता, अन् जसा वाटच पाहत होता.

सुरभी : मंग चांगलं झालं ना.

वर्षाली : मागं वळली तर आजी दारात. काय करतेस, विचारलं. मी मोठ्या हौसेनं सांगितलं, तुमच्या पोराच्या नावानं ठेवलं, कावळा शिवला, त्याले पोचलं. सुरभे, तो मेला नाई. भांडून गेला घरून. कुठं आहे, पत्ता नाई. दर नाताळाले ती मेणबत्ती लावते, ताट वाढते, दाराले कडी घालत नाई. येईन म्हणून.

सुरभी : अरे देवा.

वर्षाली : रडली नाई, चिडली नाई. त्या कावळ्याकडं पाहत राह्यली. तिले माझं खरं वाटलं गं.

सुरभी : पण तुले तरी समजाले पाह्यजे होतं! रजतदादा घर सोडून गेला तवापासून आपली आई काय करते? रोज त्याचं ताट वाढते. बाबा किती चिडतात, तरी वाढते. मंग तुले मेलेल्याचंच काऊन वाटलं?

वर्षाली : आईचं ताट पाहूनच वाटलं. सकाळी ते गाईले टाकाले मीच जात होती ना. टाकलं की मनातल्या मनात हात जोडत होती.

सुरभी : कोणाले... थांब ताई. आई? तू केव्हाची उभी आहे?

आई : फोन दे इकडं.

वर्षाली : आई, मी तसं नाई म्हटलं...

आई : ते ताट घरात आणलं का?

वर्षाली : नाई. भिंतीवरच आहे.

आई : आण. धू. पातेल्यातलं गरम करून पुन्हा वाढ. अन् त्या माउलीले खाली बोलाव.

वर्षाली : ती दार नाई उघडत.

आई : उघडीन. तिले सांगजो, माझ्या गावी बी एक बाई दाराले कडी घालत नाई.

वर्षाली : आई, तू माझ्यावर...

आई : जाय. थंडं होईन सगळं. ठेवतो मी... सुरभी, चाल, जेवाचं पाहू.

सुरभी : हो. आई, ताटं किती काढू?

आई : आजपर्यंत कधी विचारलं नाई तू हे.