होडीतून कोण उतरलं

(राहनाळ, १९९३. दुपार. केसरीनाथच्या गच्चीवरची केबलची खोली.)

कलावती: पण केसरी, काल होडी किनाऱ्याला लागली आणि तिथंच संपलं. आज माणसं उतरायची होती. आज लावलं, तर बाया नाचतायत.

केसरीनाथ: वैनी, ते चिनी चॅनेल सकाळीच काढलं मी. त्या जागी हिंदी पिक्चरचं टाकलं. रिसीव्हर मोजकेच आहेत, एक लावायचं तर दुसरं काढायला लागतं.

कलावती: मग ते बातम्यांचं काढायचंस.

केसरीनाथ: चिनी बघत होतं कोण अख्ख्या गावात? एकटे राघोदादा. दादा गेले, त्यांचे दिवस होईपर्यंत मी हात नाही लावला. म्हटलं, आता घरात कोण बघतंय?

कलावती: मी बघते.

केसरीनाथ: तुम्हाला समजतं त्यातलं?

कलावती: न्हाय. त्यांना बी न्हाय समजायचं. म्हणून तर लावायचो. जन्म लूमवर गेला, त्या खडखडाटात कान कामातनं गेले त्यांचे. हिंदी लावलं की पोरं आधी हसायची आणि हे माझ्या तोंडाकडं बघत बसायचे, काय झालं म्हणून. मी खुणेनं सांगेपर्यंत पुढचं निघून जायचं. चिनीत तसं न्हाय. सगळं घरच बहिरं.

केसरीनाथ: हे भारी आहे! मी एकदा बघितलं थोडं. तलवारी घेऊन झाडावरून उडत होते सगळे.

कलावती: ती वेगळी मालिका. ती ह्यांना आवडायची न्हाय. 'उडतात ती तार दिसते' म्हणायचे. मला ती राजाच्या घरची आवडायची. काय एकेकीचे कपडे! तर हे म्हणायचे, एवढ्या बाया आणि एकीला कामधंदा न्हाय, मग विष घालतील न्हायतर काय करतील?

केसरीनाथ: दादा एवढं बोलायचे?

कलावती: हातानं. लूमच्या आवाजात कोण कोणाचं ऐकतं? कामगारांचं सगळं बोलणं हातावर. कान गेल्यावर मला शिकवलं. मूठ अशी नाकाशी धरली की माणूस खोटारडा. दोन बोटं अशी तळहातावर चालवली की, येतोय.

केसरीनाथ: आणि ही होडीवाली?

कलावती: ती आमची दोघांची. खाडीकाठचं गाव, घरोघर माग. हौसा दिवसभर मागावर...

केसरीनाथ: चिनी बाईचं नाव हौसा?

कलावती: मग काय म्हणू? खाली लिहून येतं, कोंबडी चिखलातनं चालल्यागत. नावं आम्हीच ठेवली. ती हौसा, सासू आक्का, नवरा महादू. महादू लढाईवर गेला तो आलाच न्हाय. हौसा केस मोकळे सोडून मागावर बसली की हे चिडायचे, 'अडकतील गं!' म्हणून. जशी काय तिला ऐकू जाणार. पण तिला चुकवायचे न्हाईत कधी. मी म्हणायचे, महादू मेला, आक्काला ठाऊक हाय, सुनेला सांगत न्हाय. हे म्हणायचे, येईल. जेवताना भांडण, झोपताना भांडण.

केसरीनाथ: त्यात भांडायचं काय?

कलावती: दवाखान्यात ह्यांच्या तोंडात नळी होती. आमचा कोंडू उशाशी होता, त्याला वाटलं, बाबा पाणी मागतात. मला बोलावलं. बघते तर तळहातावर बोटं चालवतायत. विचारत होते, आला का?

केसरीनाथ: मग?

कलावती: मान हलवली. अजून न्हाय. तर हसले. म्हणजे, बघ तू, येईल. दुसऱ्या दिवशी हेच गेले. घरातले बोलले, सुतकात टीव्ही लावते. आवाज नव्हता, म्हणून मग गप बसले.

केसरीनाथ: वैनी, आता रिसीव्हर फिरवला तर सगळ्या गावाचा पिक्चर जाईल.

कलावती: माणसं उतरेपर्यंत फक्त. आता चालू झालं असेल रे. मग लाव तुझं नाचगाणं, परत मागायला यायची न्हाय मी.

केसरीनाथ: थांबा. ही वायर इकडं... हां. आलं. हीच का तुमची हौसा? केस मोकळेच आहेत.

कलावती: तीच. आवाज बंद कर.

केसरीनाथ: अहो, म्युझिक मस्त लागलंय.

कलावती: बंद कर, बाबा. आम्ही आवाज कधी लावलाच न्हाय.

लहानू (खालून): ए केसरी! पिक्चर गेला! मारामारी चालू होती!

केसरीनाथ: वायर सुटलीय!

लहानू: चिनी लागलंय इथं!

केसरीनाथ: मग बघ की जरा! ... वैनी, टोपलीवाल्या बाया उतरल्या. तो म्हातारा पण उतरला. होडी रिकामी झाली वाटतं.

कलावती: मी म्हणत होते त्यांना. म्हणत होते मी.

केसरीनाथ: थांबा, थांबा. मागं एक आहे. काठी घेऊन. त्याला हात देतायत खाली उतरायला. वैनी, हाच का?

कलावती: दाढी वाढलीय.

केसरीनाथ: हाच का महादू?

कलावती: हाच.

केसरीनाथ: म्हणजे दादा जिंकले. वैनी? काय होतंय? तळहातावर बोटं अशी का चालवताय? पाणी पाहिजे का?

कलावती: पाणी न्हाय रे. त्यांना सांगते, आला म्हणून.