दर दहा सेकंदांनी

ताई : पुन्हा एकदा, बाबा. “निरोप घेताना” इथपासून.

बाबा : आज निरोप घेताना मला माझा पहिला वर्ग आठवतो. त्या वर्गात... (खोकतात) ...तेवीस मुलं होती.

ताई : पाणी आणू? दुपारी निवृत्तीच्या समारंभात सगळ्या शाळेसमोर बोलायचंय आणि घसा हा असा.

धाकटी : घसा ठणठणीत आहे त्यांचा. मी मघापासून घड्याळ लावून बसलेय. दर दहा सेकंदांनी एक खोकला. इतका शिस्तीचा खोकला कुठे असतो का गं?

ताई : बाबा?

बाबा : ही कार्टी ना... बरं, ऐक. तुझ्या या इलेक्ट्रॉनिक ब्रेल पट्टीवर बोटांखाली उठणारे ठिपके मध्येच थांबतात. अर्धा सेकंद काही येतच नाही. मग मी खोकतो.

ताई : आणि मला सांगायचं नाही?

बाबा : आठ महिने खपून तू त्या पट्टीचा ड्रायव्हर, तिला चालवणारा प्रोग्रॅम, लिहिलास. म्हटलं, कशाला हिरमोड करा. पण न दिसणारा माणूस अडखळला ना, की लोक लगेच पुढचा शब्द सुचवायला लागतात. आज तेवढं नको वाटतं.

ताई : दहा सेकंद म्हणालीस? दर दहा सेकंदांनी ड्रायव्हर बॅटरीला विचारतो, किती उरलीस.

धाकटी : विचारू दे की.

ताई : विचारताना लॉक धरून बसतो. ज्याच्याकडे लॉक, त्यानेच पट्टीला हात लावायचा. बॅटरी सावकाश उत्तर देते, तोवर ठिपके बाहेर ताटकळत.

धाकटी : म्हणजे घरात एकच बाथरूम, आणि तू आत मोबाइल बघत बसलेली.

बाबा : ओळखीचा प्रसंग आहे.

ताई : हसा. पहिल्या चाचणीत पाहुण्यांसमोर दोन ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या. त्याचा मी असा धसका घेतला, की दिसेल तिथे लॉक लावत सुटले. बॅटरीची तर तारही वेगळी आहे, तिची वाट बघताना लॉकची गरजच नव्हती.

धाकटी : मग काढून टाक ना सगळी.

ताई : सगळी काढली तर पुन्हा खिचडी होईल. बॅटरीची वाट लॉक न धरता बघायची. आकडा हातात आला की लॉक घ्यायचं, आकडा लिहायचा, लगेच सोडायचं.

बाबा : दुपारच्या आत जमेल?

ताई : चार ओळी खालीवर करायच्यात. तपासायला मात्र तासभर लागेल. तुम्ही तोवर जेवून घ्या.

(तासाभराने, त्याच टेबलापाशी.)

ताई : ठिपके आणि बॅटरी, दोन्ही कामं एकदम दामटून पाहिली, हजार वेळा. एकही ओळ मिसळली नाही. वाचा आता.

बाबा : आज निरोप घेताना मला माझा पहिला वर्ग आठवतो. त्या वर्गात तेवीस मुलं होती. मी त्यांना म्हटलं, मला फळा दिसत नाही, तेव्हा माझं अक्षर वाकडं गेलं तर तुम्हीच सांगायचं. तेव्हापासून प्रत्येक वर्गाने ते इमानाने सांगितलं. उद्यापासून...

धाकटी : ताई, परत अडकलं बघ.

बाबा : नाही गं. ठिपके कधीचे आलेत. मीच थांबलोय.