रविवारी सकाळीच उतरणारी बॅटरी

जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, आणि मागे शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आयाबायांनो,

आधी एक विनंती. मागच्या बायकांनी पुढे यावं. सतरंजीवर जागा आहे. द्वारकाकाकूसाठी सभा आहे आणि तिच्याबरोबर रोज खुरपायला जाणाऱ्या बायका भिंतीला उभ्या आहेत, हे मला इथून दिसतं. या. मी थांबते.

बरं. मला भाषण करता येत नाही. पुण्यात मी रेडिओ दुरुस्तीचं शिक्षण घेतलं. तिथे बोलायला शिकवत नाहीत, मोजायला शिकवतात. मला रडायलाही नीट जमत नाही, म्हणून कुणी मला कोरडी म्हणू नये. काकू गेल्याचं पत्र मिळालं तेव्हा मी एका रेडिओ संचाच्या तारेला कथलाचा डाग देत होते. तो डाग पुरा केला आणि मग एसटी धरली. हात थांबवले असते तर पुन्हा चालले नसते.

माझ्याआधी पाच जण बोलले. सगळे चांगलं बोलले. काकू म्हणजे गावच्या लेकरांची माउली होती, असं बाजीरावतात्या म्हणाले. तिने रेडिओवरच्या मुलांच्या कार्यक्रमाची गोडी गावाला लावली, असंही म्हणाले. तिचा फोटो चावडीत लावायचा, असं ठरल्याचं आत्ताच कळलं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या.

मला त्या फोटोबद्दल बोलायचं आहे.

मंडळी, ‘भिंगरी’ आठवते का तुम्हाला? दर रविवारी सकाळी पुण्याहून लागायची. आधी सनईचा तुकडा, मग मैनाताईंचा आवाज. गोष्ट, कोडं, गाणं, आणि शेवटी मुलांची नावं गावासकट. लासुर्ण्याच्या एका मुलाचं नाव एकदा आलं तर तो आठवडाभर मान वर करून फिरत होता, असं त्याची मावशी सांगायची. आपल्या चावडीत सरकारी संच आला त्या वर्षी मी चौथीत होते. लोखंडी पेटी, पेटीला कुलूप, चावी तात्यांकडे. संच सरकारचा, पण त्यासाठी वर्गणी घरटी गोळा झाली होती. काकूने तर वांग्याची पाटी विकून दिली होती.

मुलगे चावडीत बसून ऐकायचे. मुली कुठे बसायच्या? सांगा ना. सगळ्यांना ठाऊक आहे. बाईमाणसाने चावडी चढायची नाही, ही आपली रीत. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण कुणी मोडलेलीही नाही. मग आम्ही मागच्या बोळात, गुरांच्या हौदाजवळ बसायचो. तिथे चावडीचा झरोका आहे. आज मला माहीत आहे की रेडिओच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे जाड आवाज पोचतो आणि बारीक आवाज पोचत नाही. ढोलकी यायची, मैनाताई यायच्या नाहीत. कोडं घालणारे काका ऐकू यायचे, उत्तर देणाऱ्या मुली ऐकू यायच्या नाहीत. मी कित्येक वर्षं समजत होते की रेडिओवरच्या मुली फार हळू बोलतात.

हौदावर काकू गुरं घेऊन यायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं आणि मूलबाळ नव्हतं. पण कार्यक्रम तिला आमच्यापेक्षा जास्त आवडायचा. कोडं तिला कधी म्हणजे कधी सुटलं नाही. काकांनी उत्तर सांगितलं की ती चिडायची. म्हणायची, हे उत्तर चूक हाय, त्या काकाला इचारा. स्वतःच्या झाडाच्या पेरूंच्या बाबतीत ती कंजूष होती, तेही सांगते. चांगले बाजारात विकायची, आम्हाला द्यायची ते पोपटाने टोचलेले. वर म्हणायची, पोपट चांगलाच पेरू टोचतो, गप खा.

एका रविवारी ती गुरं तशीच हौदावर सोडून वळसा घालून गेली आणि चावडीच्या पायरीवर बसली. आम्ही सहा-सात मुली तिच्यामागून. आत सात-आठ बाप्ये होते. कुणीतरी म्हणालं, काकू, हितं पुरुष माणसं बसत्यात. त्यावर ती काय म्हणाली ते इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी ऐकलेलं आहे.

“मंग बसा की. आमी उठा म्हनलं का?”

आतली बैठक उठली. मी आयुष्यात पहिल्यांदा मैनाताईंचा आवाज स्वच्छ ऐकला. ‘मुलांनो, कसे आहात?’ असं त्या सुरुवातीला विचारायच्या आणि थोडं थांबायच्या. त्या थांबण्यात काकू पेटीकडे बघून दर वेळी उत्तर द्यायची, “बऱ्या हाय बाई. तू कशी हायस?” आम्ही हसायचो. ती म्हणायची, हसू नका, इचारल्यावर बोलायला नगं व्हय?

असे चार-पाच रविवार गेले असतील. मग बॅटरी उतरायला लागली.

तात्या, मी तुमच्याकडे बघून बोलते आहे. मागून बोलत नाही. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, माझ्या वडिलांचे मित्र आहात. म्हणून समोर बोलते. पुढच्या रविवारी आम्ही पायरीवर गेलो तर पेटीला कुलूप. बॅटरी उतरली, असं तुम्ही सांगितलं. आम्ही परत आलो. त्याच संध्याकाळी चावडीच्या रेडिओवर भजन लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा बॅटरी उतरली. सोमवारी बाजारभाव लागले. मी तेव्हा शाळकरी होते, मला वाटलं असेल बुवा. आज मी रोज बॅटऱ्या मोजते. बॅटरी उतरते म्हणजे उतरते. तिला वार कळत नाही. रविवारी सकाळी मरून दिवेलागणीला उठणारी बॅटरी मी अजून पाहिलेली नाही. ती फक्त आपल्या गावात होती. तरी काकू वर्षानुवर्षं दर रविवारी पायरीवर जात राहिली; कधीमधी पेटी उघडी सापडायची, तेव्हा ऐकायची.

तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट आहे, मेलेल्या माणसापुढे कशाला काढायची? जुनी नाही. गेल्या दिवाळीची आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी ‘भिंगरी’त खेड्यातल्या मुलींना बोलावणार, असं कळलं. मी पुण्यात होते, रेडिओ केंद्रात जाऊन विचारून आले. काकूने तीन मुली तयार केल्या. चंपा, सुली आणि भामा. तिघी इथे बसल्या आहेत. घरच्यांना तयार करायला काकूला काय काय करावं लागलं, ते सगळं मला माहीत नाही. चंपाचे आजोबा म्हणाले होते, पोरीचा आवाज दुनिया ऐकनार, तिचं लगीन कसं व्हायचं? काकू त्यांना म्हणाली होती, “आबा, रेडिओत तोंड दिसत न्हाय. तुमच्यावर गेलीया हे कुनाला कळनार न्हाय.” आबा हसले आणि हो म्हणाले. आबांना मी मानते. ते आज पहिल्या रांगेत आहेत, आणि आत्ताही हसत आहेत.

कार्यक्रम होता त्या सकाळी मुलींच्या आया चावडीवर गेल्या. चंपाची आई हौसामावशी, सुलीची आई, भामाची आजी. शेजारपाजारच्या मिळून बऱ्याच. यातली एकही बाई त्याआधी चावडीची पायरी चढली नव्हती. नवी लुगडी नेसून गेल्या होत्या, लग्नाला जावं तशा. आणि पेटीला कुलूप होतं. बॅटरी उतरलेली होती.

त्या दुपारपर्यंत बसल्या. मग उठून कामाला गेल्या.

आता पुण्यात काय झालं ते सांगते. ते ऐकलेली गावातली एकटी मीच आहे. काकू आणि मुली आत होत्या, मी बाहेरच्या खोलीत, तिथे भिंतीवर कर्णा असतो त्याच्याखाली; समोरच्या काचेतून आतलं दिसत होतं. मावशी, तुम्ही नीट ऐका, हे तुमच्यासाठी आहे. तो कार्यक्रम साठवून ठेवत नाहीत. बोलला की गेला. तो पुन्हा लागणार नाही, कधीच नाही. म्हणून मी सांगते ते, जसं झालं तसं.

खोलीत जमिनीवर जाड जाजम होतं. मुलींनी चपला बाहेर काढल्या. काकूला काचेपलीकडे बसायला सांगितलं होतं, तर ती म्हणाली, पोरी घाबरत्याल, मी हितंच कोपऱ्यात बसते, बोलत न्हाय. तिथल्या माणसाने मान्य केलं. लाल दिवा लागला. सनई झाली. मैनाताईंनी विचारलं, “मुलांनो, कसे आहात?” आणि थांबल्या.

आणि काकू म्हणाली, “बऱ्या हाय बाई. तू कशी हायस?”

सवयीने. चावडीच्या पायरीवर म्हणायची तसं. ते सगळं बाहेर गेलं, मंडळी. पुण्यात गेलं, इंदापुरात गेलं, जिथे जिथे पेटी उघडी होती तिथे गेलं. काचेमागचा माणूस कपाळाला हात लावून हसत होता. मैनाताई क्षणभर अडखळल्या. मग म्हणाल्या, “मी पण बरी आहे काकू.” इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा उत्तर मिळालं.

मग मुलींचं झालं. पेरूच्या बाजाराचा छोटा खेळ होता. चंपा गिऱ्हाईक, सुली पेरूवाली, भामा भाव पाडणारी म्हातारी. भामाने म्हातारीचा खोकला असा काढला की मला खरा वाटला. सुली मध्येच वाक्य विसरली. मला कर्ण्यातून तिचा श्वास ऐकू आला. मग ती काकूचंच वाक्य बोलली, “घ्यायचा तर घ्या, दाबून बघू नगा, हे काय उशी हाय?” ते लिहिलेलं नव्हतं. तेच सगळ्यात चांगलं झालं. शेवटी तिघींची नावं आली आणि आपल्या गावाचं नाव आलं. मैनाताईंनी सावकाश घेतलं, दोनदा घेतलं. चंपा स्वच्छ बोलली, हौसामावशी. एक शब्द खाल्ला नाही. तुम्ही मला तेव्हा विचारलंत, पण मला माझाच राग आवरत नव्हता, म्हणून फक्त ‘छान झालं’ म्हणाले होते. असं झालं होतं ते.

मी त्यांच्याबरोबरच सुट्टीला आले. बारामतीला गाडी बदलली. काकू रस्ताभर सुलीला विचारत होती, आया काय म्हनत्याल गं? कोन रडलं असंल? हौसा नक्की रडली असंल. तिसऱ्या प्रहरी फाट्यावर उतरलो. उतरलो आणि चावडीवरून आवाज आला. रेडिओ चालू होता. खणखणीत. गुळाचे भाव सांगत होते.

हौसामावशी रस्त्यात भेटल्या. काकूने विचारलं, ऐकलंस का? त्यांनी मान हलवली. बॅटरी उतरली व्हती, म्हणाल्या. काकू उभी राहिली. चावडीवर भाव चालूच होते. ती ऐकत होती, मुली तिच्याकडे बघत होत्या. मग ती म्हणाली,

“गुळाला बॅटरी हाय. पोरींना न्हाय व्हय?”

एवढंच. ती भांडली नाही. तिला भांडता येत होतं, हे तुम्ही जाणता. त्या दिवशी भांडली नाही, आणि त्यानंतर ती चावडीकडे गेली नाही.

मी नेमकं बोलणारी आहे. काकू यामुळे गेली असं मी म्हणणार नाही. ती न्यूमोनियाने गेली. पण दिवाळीपासून जाईपर्यंत एकाही रविवारी तिला मैनाताईंचा आवाज ऐकू आला नाही, हेही तितकंच नेमकं आहे. मी तिला म्हटलं होतं, मी लहान संच जोडून देते, घरात ऐक. तिने झिडकारलं. “घरात लपून का ऐकायचं? चोरी केलीया का? वर्गनी आमीबी दिलीया.” मी पुन्हा विचारलं नाही.

आणि आता तिचा फोटो चावडीत लावणार. पायरीवर बसली तेव्हा बैठक उठली. फोटो आत चालेल, कारण फोटो रविवारी सकाळी येऊन बसत नाही. फोटो उत्तर देत नाही. तुम्हाला हे बोचत असेल तर बोचू द्या. मला दिवाळीपासून बोचतं आहे. तुमच्यापैकी कितीजणांना ती बॅटरी ठाऊक होती? मी हात वर करायला सांगत नाही. तुम्ही सगळे चांगली माणसं आहात, काकूला खांदा द्यायला सगळे आलात. कुलपापाशी मात्र कुणीच आलं नाही.

‘भिंगरी’ अजून लागते. परवाच्या रविवारीही लागेल. सणसरला मुली ऐकतात, पणदऱ्याला ऐकतात. आपल्याकडे मुली अजून हौदाजवळ उभ्या राहून झरोक्याकडे बघतात आणि परत जातात.

म्हणून फोटोच्या ठरावाला माझा विरोध आहे. आधी चावी. तात्या, पेटीची चावी तुमच्या कनवटीला असते, आत्ताही असेल. ती इथे काकूच्या फोटोपुढच्या पाटावर ठेवा. हौसामावशी उचलतील. रविवारी सकाळी त्या पेटी उघडतील, संध्याकाळी तुम्ही तुमचे भाव ऐका. बॅटरी दोन्हीला पुरते. मी मोजून सांगते.

माझं बोलणं संपलं. द्वारकाकाकूला माझा नमस्कार.

आता रिवाजाप्रमाणे आपण सगळ्यांनी उभं राहून मौन पाळायचं आहे. बायकांनीही उभं राहावं, पुढे. किती मिनिटांचं मौन ते मी सांगत नाही, ते तात्यांनी ठरवायचं आहे. चावी पाटावर ठेवल्याचा आवाज आला की आपण बसू.

उभे राहूया.