चार नंबरचा डबा

परशुराम : झबली सगलीच भरतेस काय गो?

कल्पिता : नाही बाबा. महिन्याभरापुरती. बाकीची इथेच ठेवलीत.

परशुराम : महिना?

कल्पिता : मयूर म्हणतो, काही दिवस शहाडला माझ्या आईकडे राहिलेलं बरं. मी तिथून ऑफिसला जाईन, हर्षितला आई बघेल.

परशुराम : म्हंजे नातू माज्या हातात द्यायचा नाय. मयूर मना बोलला नाय तो. हॉस्पिटलातना आल्यापासून बापाशी बोलनाच बंद हाय त्याचा.

कल्पिता : तो घाबरलाय हो. चार महिन्यांचं बाळ, एवढ्याशा हाताला सलाईन. मीपण घाबरलेले.

परशुराम : सकालपासून उलटी नाय ना केली?

कल्पिता : नाही. जुलाबही थांबले.

परशुराम : पन त्या डब्यात असा होता तरी काय? दूधच ना?

कल्पिता : दूधच, पण मोठ्या मुलांचं. एक नंबरची पावडर जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत. दोन त्याच्यानंतर, भाताची पेज, वरण सुरू झालं की जोडीला. तीन वर्षाच्या पुढे. आणि चार दीड वर्षाच्या पुढे. तुम्ही ते चारचं दोन दिवस पाजलंत. त्याच्या पोटाला, किडनीला ते झेपत नाही, डॉक्टर म्हणाले.

परशुराम : मना वाटला, वरचा नंबर म्हंजे भारी माल. मेडिकलवाला बोलला, काका, कुठला देऊ? मी बोल्लो, सगल्यात वरचा कंचा? चार, बोलला. मंग दे चारच, आमचा पोरगा पन चार महिन्यांचा. काय ऐटीत पिशवी मिरवत आलो नाक्यावरना!

कल्पिता : टीव्ही घेताना पण असंच केलंत तुम्ही. सगळ्यात मोठा द्या.

परशुराम : टीव्हीच्या चुकीनं कोनाला सलाईन नाय लागत.

कल्पिता : तसं नव्हतं म्हणायचं मला.

परशुराम : तुना सांगतो. आमची थोरली शेवंती झाली तवा मी मिठागरावर कामाला. मयूर तर लय मागना झाला. तुजी सासू गोदा आजारी, तिच्या अंगावर दूधच नाय. कपभर दुधात तांब्याभर पानी घालायची, तेच पाजायची. पोर चोखायची, रडायची, मंग रडून झोपायची. मी बाजूला बसून बघायचो नुसता. आता या बाळकुमात आपल्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, पैसा आला. बोल्लो, नातवाला पातल काय पाजायचा नाय.

कल्पिता : ताईंचं हे कधी बोलला नाहीत.

परशुराम : काय बोलायचा त्यात?

कल्पिता : बाबा, चुकले मीपण. जुना डबा हातात दिला असता तर तुम्ही तसाच दुसरा आणला असता. पण मी तो संपला तसा घासला, वरचा कागद सोलला आणि त्यात मेथीदाणे भरले. आईची सवय, तीच मला. पाणी कसं उकळायचं, किती गार करायचं, चमचा सपाट कसा घ्यायचा, सगळं शिकवलं तुम्हाला. नंबर तेवढा सांगितला नाही.

परशुराम : तुजी कसली चूक? डब्यावर लिवलेला होता. चष्मा खिशात होता माज्या. काढला नाय.

(आतल्या खोलीत बाळ रडू लागतं.)

कल्पिता : भूक लागली त्याला. बाबा, बाटली करता? एक नंबरचा डबा ओट्यावर आहे.

परशुराम : मी?

कल्पिता : तुमच्या मांडीवर तो गटागट पितो. माझ्याकडे नुसता खेळत बसतो.

परशुराम : मयूरला कलला तर?

कल्पिता : मयूरला मी बघते. आणि तुम्ही म्हणत असाल तर ही बॅग उघडते परत. मलाही नाही जायचं.

परशुराम : नाय गो बाय. जा तू. तुजी आई चांगली बघंल त्याला.

कल्पिता : असं काय करता? एकदा चुकलं म्हणून...

परशुराम : काल तो एक नंबरचा डबा घेतला नं, चष्मा लावून नंबर तीनदा वाचला, तरी झाकन परत लावला. चमचा धरवंना.

कल्पिता : बाबा, रडतोय तो.

परशुराम : ऐकतोय मी. तू पावडर घाल. मी पानी उकलून देतो.