एका मूर्तीची दोनशे छप्पन लेबलं

तुम्ही काल पेणला असायला हवं होतं. मूर्तींच्या कारखान्यात आमची सिस्टिम चालू केली. ऑर्डर घेणारा प्रोग्राम माझ्या दोस्ताचा, सलीमचा, आणि त्यावरून लेबल छापणारा माझा. अष्टमी गावातल्या एका घरची एकच मूर्ती, टेम्पो बाहेर उभा, आणि प्रिंटर थांबायलाच तयार नाय. दोनशे छप्पन लेबलं!

कारखान्याचे काका म्हणाले, “एका घरात एवढे गणपती बसवणार कुठं?”

सलीम उडालाच. “सापडलं. मी आकडा दोन तुकड्यांत धाडतो, बारका आधी. तुझा प्रोग्राम त्यालाच मोठा धरतोय, आणि मोठ्या तुकड्यातला एक म्हणजे दोनशे छप्पन.”

मी लगेच माझ्याकडचा क्रम उलटा केला. पुन्हा दोनशे छप्पन. तिकडे सलीमनंही त्याच्याकडचा उलटा केला होता.

काका म्हणाले, “आता एकानं चहा आणायला जायचं, मगच दुसऱ्यानं हात लावायचा.”