देवाले जायाचं तं बुकिंग करा

...आन वरून मलेच इचारते साहेब, "इसरू, तू गाइड आहेस ना? नियम तुला माहीत नाहीत?" माहीत नाई? मले? अहो, दहा वर्षं झाले, रोज सकाळी सहा लोकाइले जिप्सीत बसवतो आन गेटवर तोंडपाठ म्हणतो... हात बाहेर काढायचा नाई, आवाज करायचा नाई, कचरा टाकायचा नाई, आन काही झालं तरी गाडीतून खाली उतरायचं नाई! झोपेत म्हणतो मी हे! बायको सांगते, रातच्याले ती खाटेवरून उठली का मी बरळतो, खाली उतरायचं नाई! आन मले नियम माहीत नाई म्हणते!

थांबा, तुमाले पह्यल्यापासून सांगतो, नाईतं तुमी म्हणसान हा मानूस बिनकामाचा बोंबलून राह्यला.

आमचं गाव कोसमटोला. नकाशात पाहू नका, नाई सापडनार. पंधरा वर्षं झाले, जंगल खात्याचे मोठे साहेब आले आन म्हणाले, "इथं वाघ आहेत, माणसांनी राहणं योग्य नाही." अरे बाप्पा, वाघ काय तुमी येताना झोऱ्यात भरून आनले होते? आमच्या आज्याच्या आज्यापासून आहेत ते तिथी! ते इकडून गेले तं आमी तिकडून जात होतो, कधी भांडन नाई का तंटा नाई. पन नाई, उठवलं गाव. मूल गावाच्या रस्त्याले घरं दिले, एका लाइनीत, शाळेच्या पोराइसारखे उभे. मानसं आले, ढोरं आले, कोंबड्या आल्या. देव नाई आला. कसा येईन? आमच्या गोंडीत देवाले पेन म्हणतेत, आन आमचा पेन म्हणजे येनाच्या झाडाखालचा दगड, जमिनीत रोवलेला. तो काय गठुडं बांधून टेम्पोत बसते?

आन रीत आमची अशी, का नवा धान घरी आला का पह्यले देवाचा, मंग आपला. घराघरातून मूठमूठ नवे तांदूळ टोपलीत गोळा करायचे, साऱ्या गावानं अनवानी पायानं जायाचं, दोन दाने देवापुढं ठेवायचे आन मंगच खायाचं. तोवर नव्याचा दाना चुलीवर चढत नाई. पह्यलेचा साहेब भला होता. वर्षातून एक दिवस म्हणे, "जा रे बाबांनो, सकाळी जा, दुपारी या." त्याची बदली झाली. चांगल्या मानसाचीच काऊन होते हो बदली?

औंदा नवीन साहेब आला. मी म्हटलं, साहेब, धान कापून झाला, देवाले जायाचं आहे. साहेब म्हणते, "अर्ज द्या." देल्ला. उत्तर आलं, शिक्क्यासहित, का पायी प्रवेशास मनाई आहे, इच्छुकांनी पर्यटक म्हणून ऑनलाइन बुकिंग करावे. पर्यटक! आमच्या गावात आमी पर्यटक! ज्या तळ्यात म्हशी धुतल्या, तिथी आमी टोपी घालून फिराले जावं का?

आन इकडे घरी माझी माय. सोमारी नाव, सत्तरीच्या वर गेली, बाप माझा गावचा पुजारी होता, तो गेल्यापासून देवाचं सारं तिच्याच हाती. जुना धान संपला, कनगीच्या तळाले झाडू मारला. गावानं राशनचा तांदूळ शिजवला. माय म्हणते, "तो कोन्या वावरातला, कोनी देवाले दाखवला का नाई, मले काय ठाऊक? मी नाई खात." आता घ्या! नव्या धानाचे पोते भिंतीले लागून उभे आन माय जवारीची आंबील पिऊन राह्यली, एक दिवस नाई, दोन दिवस नाई, वीस दिवस! उठून उभी राहे तं भिंत धरे. मी म्हटलं, माय, तू मरशीन. तं म्हणते, "मरीन, पन बिनरीतीची नाई मरीन."

मंग काय करता? माझी भाची नूतन, ब्रह्मपुरीले कॉलेजात आहे, तिले बसवलं मोबाइल घेऊन. ती म्हणते, "मामा, इथी कारन इचारून राह्यले. वाघ पाहाले, पक्षी पाहाले, का फोटो काढाले?" मी म्हटलं, देव टाक. "देव नाई मामा यादीत." मंग पक्षी टाक! झालं, माझी माय पक्षी पाहनारी झाली. आन सीटा किती? सहा! साऱ्या गावाचा देव आन सीटा सहा! त्या सहात कोनी जावं यावरून जेवढे भांडनं झाले, तेवढे तं सरपंचाच्या निवडनुकीत नाई झाले.

गेटवर आमी आलो. माय, बायनाबाई, मुखरूभाऊ आन आनखी तिघं. मुखरूभाऊच्या काखेत कोंबडा. खिडकीवरचा प्रवीण म्हणते, "पाळीव प्राणी आत नेता येत नाई." मुखरूभाऊ म्हणते, "लेका, तो वापस येनारच नाई, तं पाळीव कायचा?" नाई ऐकलं. कोंबडा बांधला तिकिटाच्या खिडकीले आन तो जो आरवत सुटला, आलेले पाहुने त्याचेच फोटो काढून राह्यले, "ओह, हाऊ क्यूट!" इकडे माय चपला काढून उभी. गाडीत पाय ठेवत नाई. "देवाकडे गाडीत बसून जाऊ? तुझा बाप गेला होता का कधी?" मी म्हटलं, माय, नियम आहे. बस. हात बाहेर काढायचा नाई, खाली उतरायचं नाई. बसली बिचारी.

निघालो. बिरजू डायवर गाडी चालवून राह्यला आन माय बोट दाखवून राह्यली. "इथी आपलं घर होतं. हा आपला आंबा. इसरू, ह्या बोरीखाली तुझी नाळ पुरली." दहा वर्षं मी त्या बोरीपाशी गाडी थांबवून लोकाइले सांगतो, इथी अस्वल येते. नाळेचं कोनाले सांगू? कोन इचारते?

आन देवापाशी पोचतो तं काय, बारा जिप्स्या! लाइन! मी म्हटलं, एवढे लोक आमच्या देवाले आले का? कायचे देवाले? येनाच्या सावलीत, दगडाले पाठ टेकवून, वाघीन आरामात पसरली होती! इकडे भल्या मोठ्या लेन्सा, खटखट खटखट. मायनं हात जोडले आन देवाचं नाव घेतलं, मोठ्यानं, जसं दरसाल घेते तसं. तं बाजूच्या गाडीतून एक बाई, डोक्यावर टोपी, दातओठ खाऊन, "श्श! अहो गाइड, त्या आजींना शांत बसायला सांगा ना, साइटिंग जाईल!" साइटिंग जाईन! बाई, तुझी साइटिंग जाईन तं उद्या होईन, आमचा देव कुठी उद्या येऊन राह्यला?

माय म्हणते, "इसरू, मले उतरू दे. वाघीन आपल्या जागेवर आहे, मी माझ्या जागेवर जातो. दोन दाने ठेवतो आन येतो." आन पाय टाकला ना तिनं बाहेर!

आन मी... काय बोललो असंन मी? खाली उतरायचं नाई! त्याच आवाजात! गेटवर लोकाइले म्हणतो, त्याच! खरं सांगतो, चुकीचं नाई बोललो. वाघीन पंधरा पावलावर होती, मायले भोवळ येऊन राह्यली होती. पन ज्या मायनं मले त्या देवापुढं पह्यल्यांदा उभं केलं, तिले मी म्हटलं, उतरायचं नाई. मले माझीच लाज वाटली हो. तिनं फक्त पाह्यलं माझ्याकडे. शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं.

मंग तिनं काय केलं... सीटवर चढली! सत्तरीची बाई! एका हातानं बिरजूचं डोकं धरलं, दुसऱ्या हातानं टोपलीतून मूठ भरली, आन फेकली! बायनाबाईच्या घरची मूठ, मुखरूच्या घरची, आमची, एकेका घराचं नाव घेऊन! तांदूळ दगडावर, वाघिनीच्या पाठीवर, साऱ्याइकडे! वाघीन उठली, अंग झटकलं, आमच्याकडे असं पाह्यलं का जसं आमीच बिनतिकीट आलो, आन गेली बांबूत. बारा गाड्या हळहळल्या. माय खाली बसली आन म्हणते, "पोचला. चाल घरी." त्याच दिवशी गावात नवा भात शिजला. मायनं दोन वेळा मागून खाल्ला. मी सामने बसून पाहत होतो, मले रडू आलं, खोटं काऊन सांगू.

दुसऱ्या दिवशी साहेबाचं बोलावनं. टोपीवाल्या बाईनं फोटो पाठवला होता. "वन्यप्राण्यास अन्न टाकणे, गंभीर गुन्हा आहे! कोणाला टाकलं? वाघिणीला?" मी म्हटलं, साहेब, वाघीन तांदूळ खाते का? "मग कोणाला?" देवाले. साहेबानं फॉर्म उलटा करून पाह्यला, सुलटा करून पाह्यला. वाघ, बिबट, अस्वल, हरीण, माकड... "देवाचा रकाना नाही रे यात." आन मंग चष्मा सावरून लिहून टाकलं साहेबानं, इतर वन्यप्राणी! सही, शिक्का! मले पंधरा दिवस गेट बंद!

तो कागद घेऊन घरी आलो, मायले वाचून दाखवला. म्हटलं, पाहाय, आमी मानसं होतो म्हून आमाले उठवलं, आन देव आपला वन्यप्रानी निघाला, आता त्याले तिथून कोन उठवते? मले वाटलं चिडंन. मायनं तोंडातला भाताचा घास गिळला. मंग म्हणते,

"इसरू... त्या इतरमंदी आपल्या गावाचंही नाव घालते का, इचारून पाहाय ना साहेबाले."